अडलेली चक्री

"…पण नवंकोरं हाय म्हटल्यावर ते अडावंच का, एवढं सांगा!"

हा प्रश्न शालनताईंनी दुकानाच्या पायरीवरूनच विचारला. नमस्कार नाही, ओळख नाही. बाहेर लावलेली स्कूटी अजून स्टँडवर हलत होती.

दस्तगीर चाचांनी मान वर केली नाही. मांडीवरच्या जुन्या बंदुकीच्या दस्त्याला ते तेल चोळत होते, ते चोळत राहिले.

साताऱ्याच्या त्या बोळात शिकलगारांचं हे दुकान चार पिढ्यांचं आहे. पणजोबा तलवारींना धार लावायचे, चाचा परवान्याची हत्यारं दुरुस्त करतात. बागायतदार येतात, निवृत्त सुभेदार येतात, बँकांचे रखवालदार येतात. चाचा सगळ्यांना सारखंच ताटकळत ठेवतात.

दारावर एक पाटी आहे. 'हत्यार आणि डोकं, दोन्ही बाहेर रिकामं करून आत यावं.'

हत्यारासाठी पायरीशेजारी वाळूची बादली ठेवलेली असते. त्या वाळूकडे नळी धरून गोळ्या काढायच्या, म्हणजे चुकून उडाली तरी कुणाला लागत नाही. डोक्यासाठी मात्र काही सोय नाही. आलेल्याने आपापलं पाहावं.

शालनताईंनी पाटी वाचली आणि त्यांचा पारा आणखी चढला.

"माझं डोकं काही रिकामं व्हायचं न्हाई. दुरुस्त करणार असाल तर सांगा, न्हाईतर चालले मी."

"हत्याराचं तरी करा," चाचा म्हणाले.

ताईंनी पिशवीतून रिव्हॉल्व्हर काढलं. नळी बादलीकडे धरली आणि गोळ्यांची चक्री बाहेर ढकलली. ती येईना. दोन्ही अंगठ्यांनी रेटली तेव्हा करकरत बाहेर आली. मागे सहा गोळ्या निघाल्या. पाच जिवंत, एक वाजलेली.

आता चाचांनी मान वर केली.

"भरलेलंच घेऊन आलात? स्कूटीवरनं?"

"पिशवीत होतं."

"पिशवीत आणखी काय हाय?"

"मेथी."

चाचांनी डोळे मिटले… आणि थोड्या वेळाने उघडले.

"या आत."

या शालन भोईटे. जांभूळडोह गावच्या सरपंच, वय पंचेचाळीस. गावाच्या डोहातली वाळू काही लोक ट्रॅक्टर लावून उपसतात. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे त्यांचे यजमान, रंगराव, त्या ट्रॅक्टरांना आडवे गेले आणि चाकाखाली आले. कागदावर अपघात लिहिला गेला. बाई आता रडत घरात बसतील असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. बाईंनी निवडणूक लढवली आणि जिंकली. धमक्या सुरू झाल्या तेव्हा रिव्हॉल्व्हरचा परवाना मागितला आणि तोही हट्टाने मिळवला. अशा बाईच्या बोलण्यात कुणी गोडवा शोधू नये.

चाचांनी गादीवर पांढरं फडकं अंथरलं. त्यावर रिव्हॉल्व्हर ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते.

"झालं काय?"

"काल ट्रॅक्टर आले. मी डोहावर गेले. एकटी. पहिली गोळी हवेत मारली, ती वाजली. दुसरीला चापच दाबला जाईना. चक्री फिरंना, घोडा उठंना. हातात नुसता दगड." ताई थांबल्या. "आणि ती माणसं हसली, चाचा. फावडी खाली ठेवून हसली. एकानं तर शिट्टी मारली."

त्या हसण्याने ताईंच्या अंगाची आग झाली होती. रात्र गेली, सकाळ झाली, तरी ती विझली नव्हती.

"आज पाचला परत येतो म्हणून सांगून गेलीत. आज मी गेले न्हाई, न्हाईतर गेले आणि हे पुन्हा अडलं, तर उद्यापासनं गावात मला सरपंच कोण म्हणंल? डोह जाईल. डोह गेला की विहिरी जातील. साडेचारला मला तिथं उभं राहायचंय."

"चहा घेणार?"

"न्हाई."

चाचांनी समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली.

मग रिव्हॉल्व्हर उचललं. घोडा ओढून पाहिला, तो उठेना. नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली. चक्रीचा दांडा घट्ट आहे का, ते बोटांनी चाचपलं. कानाशी नेऊन हलवलं. डॉक्टर नाडी बघतो तेवढ्याच सावकाशीने चाललं होतं सगळं.

ताईंना तेवढा दम कुठला!

"मी सांगते काय झालंय ते. बाई बघून दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला."

"माल चांगला हाय."

"मग गोळ्या खराब."

चाचांनी वाजलेली गोळी उचलली. तिच्या बुडाला मधोमध पितळी टिकली असते, घोड्याचं टोक त्या टिकलीवर आपटतं. टिकलीवरचा खळगा खोल होता आणि बरोबर मध्यावर होता. मग त्यांनी उरलेल्या पाच गोळ्या पाहिल्या. एकीवरही ओरखडा नव्हता.

"गोळ्या चांगल्या हायत. घोडा तिथवर गेलाच न्हाई."

"मग भानुदासनंच काहीतरी करवलं असणार!"

भानुदास म्हणजे त्या ट्रॅक्टरांचा मालक.

"त्याची माणसं सगळीकडं हायत. तुमच्याकडंसुद्धा आला असंल कुणीतरी."

"आला होता," चाचा म्हणाले. "आज सकाळी."

ताई ताडकन उभ्या राहिल्या. "काय म्हणाला?"

"सरपंचबाई येतील, काम आठ दिवस धरून ठेवा, म्हणाला."

"मग?"

"चहा पाजला त्याला."

"आणि?"

"पाटी दाखवली."

ताई पुन्हा खाली बसल्या. पण बसल्या त्या पाठ ताठ ठेवून. माणूस आपल्या बाजूचा आहे एवढ्यावरून नरम पडायचं, ही रीत त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडून दिली होती.

चहा आला. 'न्हाई' म्हटलेला चहा ताईंनी दोन घोटांत संपवला.

"नवं आणलंत तेव्हा पुसलं होतं का?" चाचांनी विचारलं.

"काय पुसायचं?"

"गंज धरू नये म्हणून कारखान्यातनं घट्ट ग्रीस भरून पाठवतात. नवं हत्यार घरी आणलं की आधी सगळं पुसून काढायचं असतं."

"मला पुसायचं सांगू नका!"

आवाज एवढा मोठा होता की टपरीवरच्या दोघांनी वळून पाहिलं.

"दोन वर्षं झाली," ताई म्हणाल्या, "जो उठतो तो मला पुसायलाच सांगतो."

चाचांनी कप बाजूला ठेवला, चष्मा नाकावर चढवला.

त्यांनी चक्री बाहेर काढून तिचा दांडा दाबला. वाजलेल्या गोळ्या मागे ढकलणारी एक चांदणीच्या आकाराची चकती चक्रीच्या पाठीतून वर आली. चाचांनी तिच्याखाली ब्रश घातला आणि फडक्यावर झटकला.

फडक्यावर लाल डाग पडला.

पुन्हा घातला, पुन्हा झटकला. तेलात भिजलेला, काळपट लाल लगदा. मग त्यांनी लांब सुई घेतली. चक्रीच्या मागे सांगाड्यात जो कोपरा असतो तिथून एक कणी अलगद टोकरून काढली आणि फडक्याच्या मधोमध ठेवली.

तांदळाची कणी होती. हळदीने पिवळी झालेली.

ताईंनी वाकून ती पाहिली.

"दसरा," त्या म्हणाल्या.

"पूजेच्या वेळी चक्री उघडी होती?"

"उघडी. सगळ्यांना आत बघायचं होतं."

चाचांनी सुई खाली ठेवली. ताई आपणहून सांगू लागल्या.

"आमच्या अंगणात मांडलं होतं सगळं. गावातले कोयते, विळे, कुऱ्हाडी. मधी पाटावर हे. मी आरतीचं ताट घेऊन पुढं झाले, तर बाया म्हणतात, वैनी, तुम्ही जरा मागं बसा, सुवाशिणीच्या हातनं होऊ द्या." त्यांनी श्वास घेतला. "माझं हत्यार. माझा परवाना. पाट माझा, अंगण माझं. आणि मी मागं बसू?"

"मग?"

"आधी तेलाचं बोट फिरवलं. मग हळद. मग कुंकवाचा करंडा उचलला आणि अख्खा उपडा केला त्याच्यावर. अक्षता वाहिल्या त्यासुद्धा मूठभर. म्हटलं, आता कुणाला पुसायचंय त्यानं पुढं यावं. आलं न्हाई कुणी. मीही पुसलं न्हाई. तसंच फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. काल काढलं तेव्हा वरवरचं झटकलं आणि गोळ्या भरल्या."

"कुंकू आणि ग्रीस चांदणीखाली बसलं," चाचा म्हणाले. "चक्री जड झाली. पहिल्या गोळीला धक्का बसला, त्यानं कणी सरकली आणि फटीत आडवी पडली. मग चक्री जागची हलंना."

"म्हणजे मीच अडवलं. माझ्याच हातानं."

चाचा हसले नाहीत. दुसरा कुणी असता तर हसला असता, आणि त्याने बोलणीही खाल्ली असती.

ताईंचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी हनुवटी वर केली.

"तरी पुढच्या दसऱ्याला मी हेच करणार. अख्खा करंडा घालणार. सांगून ठेवते."

"घाला."

"…घालू?"

"चक्री बंद ठेवा, म्हणजे झालं."

चाचा कामाला लागले. काडीने चांदणीखालचं कुंकू खरवडून एका कोऱ्या कागदावर गोळा केलं. जे कण फडक्यावर सांडले होते तेही बोटाने टिपून कागदावर घेतले. नंतर रॉकेलचा ब्रश फिरवला, कापडाच्या चिंध्या नळीतून ओढल्या, चक्रीची सहाही घरं एकेक करून पुसली.

ताईंची नजर दाराकडे होती. त्यांनी वाळूच्या बादलीकडे बोट केलं.

"ही वाळू कुठली?"

"तुमच्याच डोहातली. माझ्या आज्ज्यानं आणली होती, डोक्यावरनं."

"एक बादली?"

"पुरली की."

ताईंच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं.

चाचांनी तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकावर घेतला. तो कुठे सोडायचा ते शोधत, खाली मान घालून त्यांनी विचारलं,

"पहिली गोळी हवेत होती. दुसरी कुठं होती, बेटी?"



"ट्रॅक्टरवर," ताई म्हणाल्या.

"ट्रॅक्टरवर का ट्रॅक्टरवाल्यावर?"



"वाल्यावर."

"भानुदासवर?"

"तो कशाला येतोय नदीवर! तो घरी झोपाळ्यावर असतो."

"मग कोण होतं?"

"म्हादू."

"कोण म्हादू?"

"आमच्याच आळीतला. भानुदासकडं रोजानं जातो." ताई भराभर बोलू लागल्या. "मी हवेत मारली तरी यानं इंजिन बंद केलं न्हाई. उलट माझ्याकडं बघून रेस केलं. मोठ्यानं. ह्यांच्या अंगावर घातला तेव्हा असाच आवाज आला असंल, असं माझ्या डोक्यात आलं… आणि माझा हात खाली आला. त्याच्या छातीवर."

"म्हादूनं घातला होता अंगावर?"

"न्हाई. तो दुसराच. तो पळाला."

चाचांनी थेंब सोडला.

"म्हादूची आई काल संध्याकाळी माझ्या दारात आली होती," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली गेला होता. "तिला काही ठाऊक न्हाई. पोरगं कामावरनं हसत हसत आलं म्हणाली. मेथी देऊन गेली."

पिशवीतली जुडी दोघांच्या मधे पडली होती.

चाचांनी चक्री आत लोटली. टक् करून बसली. बोटाने फिरवली, तर गरगर फिरत राहिली. त्यांनी ती पुन्हा उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं ताईंना दाखवलं, बंद केली आणि दस्ता ताईंकडे करून रिव्हॉल्व्हर पुढे धरलं.

"बादलीकडं धरा. चाप ओढा."

ताईंनी ओढला. घोडा उठला, पडला. पुन्हा ओढला. पुन्हा. सहा वेळा ओढला आणि सहाही वेळा चक्री पुढच्या घरावर येऊन थांबली.

"आता दुसरी जाईल?"

"जाईल."

"अडणार न्हाई?"

"न्हाई. दुसरी जाईल, तिसरी जाईल. म्हणाल तेवढ्या जातील. आता यात अडवणारं काही राहिलं न्हाई."

ताई हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे बघत राहिल्या. काल अडलं तेव्हा त्यांना त्याचा संताप आला होता. आज ते चांगलं चालत होतं आणि त्यांना त्याची भीती वाटली. ही भीती त्यांना आवडली नाही, पण ती होती.

"काल हे अडलं नसतं, तर…"

चाचांनी तेलाच्या बाटलीला बूच लावलं.

ताईंनी पाच गोळ्या समोर ओढल्या. त्यांतली एक उचलून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. बाकीच्या चार चाचांकडे सरकवल्या.

"ही हवेतली. ह्या चार तुमच्याकडं जमा करून घ्या. पावती द्या."

चाचांनी वही काढली.

"आणि मी भ्यायले असं समजू नका," ताई कडाडल्या. "साडेचारला मी तिथंच असणार. म्हादूच्या ट्रॅक्टरच्या पुढं उभी राहणार, हाताच्या अंतरावर. त्यानं बंद केला तर केला. न्हाई केला तर माझ्या तोंडाकडं बघून अंगावर घालावा. मी काही बाजूला होणार न्हाई."

"काल तुम्ही किती अंतरावर होता?"

"लांब. काठावर."

चाचांनी पावती फाडून दिली. मग मघाचा कागद घेतला. चारी बाजूंनी दुमडून त्याची पुडी केली आणि पावतीशेजारी ठेवली.

"हे तुमचं."

"काय?"

"निघालेलं कुंकू."

"त्याचं मी काय करू? ते मी ह्याला वाहिलं होतं." ताईंनी रिव्हॉल्व्हरकडे बोट केलं.

"त्याला ते चालत न्हाई. बघितलं की आपण."

ताईंनी पुडी हातात घेतली. परत ठेवली. पुन्हा घेतली…

दारालगतच्या खांबावर हाताएवढा आरसा लटकला होता. नळीत उजेड पाडायला चाचा तो वापरतात. ताई उठून त्याच्यासमोर गेल्या. पुडी उघडली. करंगळीशेजारचं बोट त्यात बुडवलं आणि हात कपाळापाशी नेला. तिथे तो थांबला. दोन वर्षांत त्या बोटाला या रस्त्याने जायची सवय राहिली नव्हती.

मग त्यांनी टेकवलं.

मोठं लागलं. थोडं डावीकडे झालं. त्यांनी ते नीट करायचा प्रयत्न केला नाही.

समोर बांगड्यांच्या दुकानात दोन बायका बसल्या होत्या. त्यांनी सरपंचबाईंना ओळखलं असावं. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं आणि दोघी टक लावून बघू लागल्या.

ताई सरळ त्यांच्याकडे वळल्या. नीट दिसावं म्हणून डोक्यावरचा पदर बोटभर मागे सारला आणि तशाच उभ्या राहिल्या. बायकांनीच आधी नजर खाली घातली.

रिव्हॉल्व्हर रिकामं पिशवीत गेलं. त्यावर मेथी गेली. पायरी उतरता उतरता ताईंनी बोट अंगठ्यावर घासून पाहिलं आणि चेहरा आंबट केला.

"तेलकट झालंय वो चाचा. ग्रीससुद्धा हाय ह्यात."

चाचांनी जुनी बंदूक पुन्हा मांडीवर घेतली होती.

"असू द्या. पुसलं जायचं न्हाई."